सर्टिफिकेट जाईल म्हणून

आमच्या घरात एक किल्ली होती आणि ती कुठे ठेवलेली आहे हे मला कळता कामा नये, असा नियम होता. नियम माझ्या नवऱ्याने केलेला नव्हता, पोलिसांचा होता. रायफलच्या कपाटाची किल्ली कुठे आहे ते ज्याच्या नावावर बंदुकीचं सर्टिफिकेट आहे त्यालाच ठाऊक असावं. बायकोला नाही, मुलीला नाही, कोणालाच नाही. इंग्लंडमधल्या वॉटफर्डचं हे घर आम्ही दोघांनी मिळून घेतलं. बत्तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत उभी राहिले, तेव्हा कुठे ते आमचं झालं. त्याच घरातल्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीत, भिंतीला बोल्टनी आवळलेलं एक स्टीलचं कपाट होतं आणि त्याच्या किल्लीबद्दल विचारायचीही मला सोय नव्हती.

त्या नियमाचा मला तेव्हा राग आला नाही. ठीकच आहे, सुरक्षेसाठी आहे, असं वाटायचं. राग नंतर आला. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरला असता तर हे लिहायला बसलेच नसते.

हे रेल्वेत सिग्नलिंगचे इंजिनिअर होते. वायरी, दिवे, वेळापत्रक, सगळं मिलिमीटरमध्ये. ऑफिसमधला एक उंच, सडपातळ इंग्रज मित्र एका शनिवारी ह्यांना रायफल क्लबमध्ये घेऊन गेला. विटांची जुनी लांबलचक शेड, आत चटया टाकलेल्या, आणि पंचवीस मीटरवर कागदाचं टार्गेट. हे घरी आले ते खिशातून कार्ड काढतच. "बघ. दहातल्या सात मधल्या वर्तुळात. पहिल्याच दिवशी." पन्नाशी उलटलेला माणूस, पण चेहरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा.

मी म्हणाले, "अहो, दर रविवारी आपण विहारात पंचशील म्हणतो. पहिलं शील काय आहे?"

"कागदाला प्राण नसतो," हे म्हणाले.

मला हसू आलं.

सर्टिफिकेट आलं त्या दिवशी मात्र हे हसले नाहीत. पोस्टातून आलेला तो कागद टेबलावर सरळ केला आणि मला बोलावून समोर बसवलं. "माझे पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत हवालदार होते," हे म्हणाले. मला ते माहीत होतं; त्यांचं गाव दापोलीकडचं, आणि लग्नानंतर ही गोष्ट मी सासऱ्यांकडून वीसदा तरी ऐकली होती. "मग इंग्रजांनी ठरवलं की आपण लढाऊ जात नाही. भरती बंद. आजोबा बापाचा बिल्ला छातीला लावून भरतीला गेले, तर जात विचारून दारातूनच परत पाठवलं. आणि हे बघ. त्याच सरकारचं लेटरहेड." त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं. "माझी चौकशी केली, घर बघितलं, डॉक्टरला विचारलं, दोन साक्षीदारांना विचारलं. आणि लिहून दिलं की या माणसाच्या हातात बंदूक द्यायला हरकत नाही."

त्या दिवशी मी शेवयांची खीर केली. हे सांगते आहे कारण पुढे जे झालं त्यात ह्यांना बंदुकीचं वेड लागलं होतं असं कोणी समजू नये. ह्यांना त्या कागदाचं मोल होतं.

अर्थात बंदुकीचंही होतंच. आधी लाकडी दस्त्याची साधी रायफल होती. मग पार्सलं यायला लागली. काळी चौकट आली, तिच्यावर वस्तू अडकवायची खाचांची पट्टी आली, दुर्बीण आली, रायफल टेकवायचे घडीचे दोन पाय आले, गाल टेकवायची गादी, खांद्याचा पट्टा. प्रत्येक वस्तूवर "टॅक्टिकल" असं लिहिलेलं. मी विचारायची, "कागदाला भोक पाडायला हे लष्करासारखं काळं कशाला लागतं?" हे म्हणायचे, "अगं, रंगाने काय होतं? पकड चांगली बसते." पण आरशासमोरून जाताना हे रायफल घेऊन क्षणभर थांबायचे, ते मी पाहिलेलं आहे.

ह्यांच्या उजव्या हाताला संधिवात होता. रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, पुन्हापुन्हा मागे ओढला की अंगठा सुजायचा. म्हणून ह्यांनी एक वेगळी रायफल घेतली होती. गोळी सुटली की तिचा बोल्ट आपोआप मागे जाऊन थांबायचा. एक छोटा खटका दाबला की पुढे यायचा. दुखऱ्या हाताच्या माणसांसाठी सोयीची. मग कायदा बदलला. त्या खटक्यामुळे गोळ्या फार भराभर सुटतात, म्हणून त्या जातीच्या सगळ्या रायफली बंद. पोलीस स्टेशनला आणून द्या, भरपाई घ्या.

"जात" हा शब्द इथे माझा नाही, ह्यांचा आहे. हे म्हणाले, "बघ, जातीवरनंच बंद केली."

ते कोविडचे दिवस होते. मास्क लावून, अपॉइंटमेंट घेऊन हे रायफल जमा करून आले. घरी येऊन लांब, रिकामी बॅग धुतली आणि दोरीवर वाळत घातली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. घरातली एक तरी कमी झाली. ते मी ह्यांना कधी सांगितलं नाही. आता इथे सांगते.

त्याच महिन्यात पुण्यात ह्यांचे थोरले भाऊ गेले. विमानं बंद. दिरांचा अंत्यविधी ह्यांनी सोफ्यावर बसून फोनवर पाहिला. तिकडे पुतण्या फोन धरून होता, चित्र सारखं हलत होतं. पुढच्या वर्षी ऑफिसने जुन्या लोकांना लवकर रिटायर केलं, त्यात हे गेले. मग हळूहळू घरातला माणूस घरातून निघून जायला लागला. हे जेवायचे नाहीत. दाढी नाही. सकाळी गाडीत जाऊन बसायचे. इंजिन बंद, गाडी ड्राइव्हवेवरच, आणि हे स्टिअरिंगवर हात ठेवून तासन् तास समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत.

मी लॅबमधली बाई. कुठलाही रिपोर्ट वाचून माणसाला काय झालंय ते सांगता येतं मला. हा रिपोर्ट वाचायला रक्त काढायचीही गरज नव्हती.

"अहो, डॉक्टरकडे चला. हे डिप्रेशन आहे."

"नाही."

"लाज कसली त्यात?"

"लाज नाही गं. तिथे नोंद झाली की पोलिसांना कळतं. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे खूण आहे, की या माणसाकडे बंदूक आहे म्हणून. असलं काही लिहिलं गेलं तर त्यांनी कळवायचं असतं. सर्टिफिकेट जाईल."

"जाऊ दे की मग!"

त्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं.

हे मी कितीदा ऐकलं असेल! दोन वर्षं. एजवेअरहून मुलगी यायची, तीही तिच्या मोडक्या मराठीत सांगायची, "बाबा, प्लीज, एक अपॉइंटमेंट. मी तुझी बरोबर येते." हे म्हणायचे, बघू. क्लबमधला तो इंग्रज मित्र यायचा, चहा प्यायचा, त्यालाही दिसत होतं. तो काय म्हणाला? "सर्टिफिकेटचं रिन्यूअल होईपर्यंत थांब. मग बघू." म्हणजे क्लबमध्ये सगळ्यांना ही युक्ती ठाऊक होती. ज्या कायद्याने आजारी माणसाच्या हातातून बंदूक काढून घ्यायची, त्याच कायद्याला घाबरून माणसं आजार लपवत होती आणि बंदुका घरातच राहत होत्या. एवढं साधं गणित ते नियम करणाऱ्यांना दिसलं नाही?

रिन्यूअलचा फॉर्म आला. त्यात विचारलेलं होतं, डिप्रेशनचं निदान झालंय का, उपचार चालू आहेत का. ह्यांनी "नाही" लिहिलं. मी म्हणाले, "हे खोटं आहे."

"निदान झालंय का? नाही. मग खोटं कुठे?"

इंजिनिअरशी वाद कोण घालणार! डॉक्टरांनीही खोटं लिहिलं नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर बीपी आणि संधिवात एवढंच होतं, तेवढंच त्यांनी कळवलं.

मग पोलिसांचा तपासनीस घरी आला. वयस्कर, नम्र माणूस. दारात बूट काढले. वर जाऊन कपाट हलवून पाहिलं, रायफलचा नंबर वहीशी ताडून पाहिला. खाली येऊन किचनच्या टेबलाशी बसला. मी चहा दिला, बिस्किटं ठेवली. हे फ्रिजला टेकून उभे होते. त्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालेले, कितीतरी महिन्यांनी.

तपासनीस पेन काढून मला म्हणाला, "आणि तुम्ही? तुमची काही हरकत नाही ना? घरात काही काळजीचं कारण?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या डोळ्यांत धाक नव्हता. धाक असता तर बरं झालं असतं, मी उसळून बोलले असते. विनवणी होती. चाळीस वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"नो," मी म्हणाले. "नो वरीज."

त्याने टिक केलं. बिस्किट खाल्लं. सर्टिफिकेट आणखी पाच वर्षांसाठी आलं. या वेळी खीर केली नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, मी भाजी चिरत होते. हे एक फाइल घेऊन आले. बँकेचे पासवर्ड, विम्याचे कागद, बॉयलरवाल्याचा नंबर, सगळं त्यांच्या सुबक अक्षरात, रंगीत चिकटपट्ट्या लावून. "हे बघून ठेव," म्हणाले. मग अगदी सहज, गॅसचं मीटर कुठे आहे ते सांगावं तसं म्हणाले, "आणि कपाटाची किल्ली जिन्याखाली, जुन्या टूलबॉक्सच्या तळाशी आहे. तुला माहीत असावी."

सुरी माझ्या हातातच राहिली. दहा वर्षांत ह्या माणसाने किल्लीची जागा मला सांगितली नव्हती. रांगेत एक पाऊल पुढे न घालणारा, पिवळा दिवा लागला की गाडी थांबवणारा हा माणूस. तो नियम मोडत होता, कारण त्याच्या हिशेबी नियम आता लागू होणार नव्हता.

"बरं," मी म्हणाले. "कोथिंबीर संपली आहे. तुम्ही चला माझ्याबरोबर दुकानात."

ह्यांना एकटं ठेवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. सुपरमार्केटमध्ये ह्यांना ट्रॉली देऊन तांदळाकडे पाठवलं आणि मी दाराशी, फुलांच्या बादल्यांजवळ उभी राहून एकशे एकला, पोलिसांच्या साध्या नंबरला, फोन लावला. संगीत वाजलं. मी वाट पाहिली. पुन्हा संगीत. माणसाचा आवाज आला तेव्हा मी एका दमात सांगितलं: माझा नवरा, रायफल, डिप्रेशन, आज किल्लीची जागा सांगितली. पलीकडची मुलगी एकदम गंभीर झाली. तिने पत्ता दोनदा विचारला आणि तुम्ही सुरक्षित आहात का, असंही. "मी आहे," मी म्हणाले. "तो नाही."

आम्ही घरी पोचलो आणि पाठोपाठ गाडी आली. दोन पोलीस, गणवेशात. शेजारची बाई खिडकीत.

"कोणी फोन केला?" ह्यांनी विचारलं.

"मी केला," मी म्हणाले.

ह्यांनी पोलिसांच्या बरोबरीने जाऊन किल्ली आणली, कपाट उघडलं. क्लबमध्ये शिकवलेल्या पद्धतीने रायफल रिकामी आहे हे त्यांना उघडून दाखवलं. दुर्बीण, पट्टा, सगळ्यासकट दोन्ही हातांनी त्यांच्या स्वाधीन केली. पावतीवर सही केली. मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी हळू म्हणाले, "आजोबांना निदान परक्यांनी परत पाठवलं होतं."

ते वाक्य मी अजून पचवते आहे.

संध्याकाळी मुलगी धावत आली. "मम्मी, तू डायरेक्ट पोलिसला फोन केली? मला का नाही केली? ही काय पद्धत आहे का?" आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली. विहारासाठी आम्ही एक हॉल भाड्याने घेतो, तिथेही बातमी पोचली. वंदना झाल्यावर पिनरला राहणारे एक ज्येष्ठ गृहस्थ बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, घरातली गोष्ट पोलिसांत कशाला न्यायची? आपल्या माणसांची आधीच काय कमी बदनामी होते?"

"दादा," मी म्हणाले, "गेली दोन वर्षं हे गाडीत बसून असतात. तुम्ही किती वेळा येऊन शेजारी बसलात?"

बाकीच्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

आठवड्याने त्या तपासनीसाचा फोन आला. जबाब हवा होता. सगळं लिहून घेतल्यावर म्हणाला, "एक विचारू? मी घरी आलो होतो तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. तेव्हाच सांगितलं असतं तर—"

मी कुणावर ओरडणारी बाई नाही. त्या दिवशी ओरडले. "तुम्ही मला कुठे विचारलंत? नवरा चार फुटांवर उभा असताना विचारलंत! त्याच्या तोंडावर सांगू, की हा वेडा झालाय, ह्याची बंदूक न्या? आणि मग तुम्ही बिस्किट खाऊन निघून गेल्यावर घरात कोण राहणार होतं? मी आणि तो आणि ती रायफल. तुम्ही विचारलं नाहीत, तुम्ही टिक केलंत!"

तो म्हणाला, "हे मी लिहून घेतो." घेतलं की नाही, मला माहीत नाही.

हे माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी मीच ताट समोर ठेवून म्हणाले, "तुमचे आजोबा त्या दारातून परत आले, पण घरी आले ना? स्वतःच्या पायांनी चालत आले ना? मला तेवढंच पाहिजे होतं."

ह्यांनी घास घेतला नाही. पण हात डोळ्यांवर नेला. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हे पहिल्यांदाच, माझ्यादेखत, दिरांबद्दल बोलले. गोळ्या सुरू झाल्या, नंतर दर आठवड्याला एका बाईंशी बोलायला जाणं. सोपं नव्हतं. पहिल्या गोळ्या मानवल्या नाहीत, बदलल्या. सर्टिफिकेट रद्द झाल्याचं पत्र आलं. कोर्टात दाद मागता येईल असंही त्यात होतं. ह्यांनी मागितली नाही. पण वर्ष उलटता उलटता हे जेवायला लागले, भांडायला लागले. भांडायला लागले तेव्हा मी मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

गेल्या वर्षी ह्यांनी पुन्हा अर्ज केला. मला विचारून केला. मी म्हणाले, रायफल घरात नको, क्लबच्या कोठारात राहील. हे कबूल झाले. या खेपेस फॉर्मवर सगळं खरं लिहिलं: निदान, गोळ्या, किल्ली, सगळं. डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं की तब्येत आता चांगली आहे. या वेळी तपासायला एक बाई आल्या. मी ह्यांना दूध आणायला पाठवलं आणि त्या बाईंपुढे तासभर बोलले. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. नकार.

हे पत्र वाचून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मी असतो तर मीही नसतं दिलं." आणि कुकर लावायला उठले. भडकले ती मी. मला ती रायफल नकोच होती! पत्र पाहून माझा जीव भांड्यात पडला होता, तरी ते मी टेबलावर आपटलं. लपवलं तेव्हा पाच वर्षं दिली. सांगितलं तेव्हा नाही. यातून क्लबमधल्या माणसांनी काय शिकायचं?

ते कळायला फार वाट पाहावी लागली नाही. तो उंच इंग्रज मित्र पुढच्याच रविवारी आला. त्याने पत्राचं विचारलं, ह्यांनी सांगितलं. तो कपातल्या चहाकडे बघत बसला. त्याची कॉलर मळलेली होती, गळ्याशी कातडी लोंबत होती; सहा महिन्यांत माणूस निम्मा झालेला. "म्हणजे माझं बरोबरच होतं," तो म्हणाला. "तोंड उघडायचं नाही."

"तू डॉक्टरकडे जा," हे म्हणाले. "माझं ऐक. मी तिकडनं परत आलोय."

"तुझी रायफल गेली."

"हो. गेली. तू जा."

त्याने मान हलवली आणि टोपी घेऊन निघाला. हे दारापर्यंत त्याच्या मागे गेले, गाडीच्या खिडकीशी वाकून बोलत राहिले. मी मात्र थांबले नाही. डायरीतून त्याच्या घरचा नंबर शोधला. त्याची बायको मला क्लबच्या ख्रिसमसच्या जेवणात भेटलेली, तेवढीच ओळख. तो घरी पोचायच्या आत फोन लावला.

"मी येऊ का तुझ्याकडे?" मी विचारलं. "उद्या, तो बाहेर असेल तेव्हा. फक्त आपण दोघी."

ती म्हणाली, "अकरा वाजता तो बागकामाच्या मंडळात जातो."

सोमवारी सव्वाअकराला मी तिच्या किचनमध्ये होते. ती दोन तास बोलली. काय बोलली ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. तिने नंतर फोन केला का, आणि पोलिसांना की डॉक्टरला, तेही मी विचारलेलं नाही. तो मित्र आता आमच्याकडे येत नाही. ह्यांना त्याचं वाईट वाटतं. मला नाही.